लॅन कार्ड आणि तात्यांचं बेअरिंग

मंडळी, आजचा विषय लॅन कार्ड. हो, तेच. कॉम्प्युटरच्या पाठीमागे असतं आणि ज्यात ती निळी वायर 'खट्' करून बसते. तुम्ही म्हणाल, सगळं जग वायफायवर असताना याला हे कुठून आठवलं? लॅपटॉपवाल्यांचं ठीक आहे हो. पण ज्या मशीनवर लिनक्स किंवा फ्रीबीएसडी टाकून ते वर्षानुवर्षं कोपऱ्यात चालत ठेवायचं असतं, म्हणजे छोटा सर्व्हर, फायरवॉल किंवा बॅकअपचं मशीन, त्यात ही एक वीतभर पट्टी चुकीची निघाली की बाकी सगळं कितीही भारी असलं तरी उपयोग शून्य. मी हे शिकलो ते २०२४ च्या जुलैमधे, शिरोली एमआयडीसीत, तात्यांच्या समोर उभं राहून. त्यामुळे आधी गोष्ट, मग ज्ञान.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांचं शिरोलीत मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, त्यावर टर्निंग, बोरिंग, ड्रिलिंग होतं आणि माल पुण्याला एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे जातो. बावीस माणसं कामाला. ऑफिसात तीन कॉम्प्युटर, शेडमधे इन्स्पेक्शनच्या टेबलावर एक. ड्रॉइंग एका मशीनवर, बिलं दुसऱ्यावर, आणि कुठलं ड्रॉइंग नवीन आणि कुठलं जुनं हे फक्त तात्यांच्या डोक्यात.

माझ्या डोक्यात इंजिनियरिंगपासून लिनक्सचा किडा. मी म्हटलं, "तात्या, एक जुना डेस्कटॉप द्या. त्यावर डेबियन टाकतो, सांबा लावतो, सगळ्या फाइली एका जागी ठेवू. रोज रात्री आपोआप बॅकअप घरच्या मशीनवर. खर्च काही नाही." तात्यांनी 'खर्च काही नाही' या शब्दांकडे संशयाने बघितलं. पन्नास वर्षं धंद्यात काढलेला माणूस फुकट या शब्दाला भितो. पण पुतण्या इंजिनियर आहे, शिकलेला आहे, म्हणून हो म्हणाले. दीड वर्ष ते मशीन गपगुमान चाललं. मी लग्नाकार्यात नातेवाइकांना त्याच्या गोष्टी सांगायचो.

मग मे महिन्यात वळीव आला.

कोल्हापूरचा वळीव माहीत नसलेल्यांसाठी सांगतो : दुपारपर्यंत अंग भाजतं, चारला आभाळ काळंकुट्ट, आणि मग अर्धा तास नुसता कडकडाट. आमच्या ऑफिसपासून शेडपर्यंत लॅनची वायर मोकळ्या आवारावरून, खांबाला बांधून नेलेली होती. (ही अक्कल माझीच.) वीज आवारात पडली नाही, कुठेतरी जवळपास पडली असावी. पण तेवढंही पुरलं. स्विच गेला आणि सर्व्हरच्या मदरबोर्डवरचं लॅन गेलं. इथरनेटच्या प्रत्येक पोर्टच्या मागे एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याने दीड हजार व्होल्टपर्यंतचा फरक अडवावा असं स्टँडर्डच सांगतं. पण लांब उघड्या वायरीत विजेच्या वेळी जे काही तयार होतं त्यापुढे दीड हजार म्हणजे किस झाड की पत्ती.

बाकी बोर्ड जिवंत होता. म्हणून मी राजारामपुरीतल्या एका दुकानात गेलो आणि म्हटलं, एक गिगाबिट लॅन कार्ड द्या, लिनक्सवर चालणारं. त्याने फळीवरून एक डबा काढला. साडेचारशे रुपये. डब्यावर चक्क पेंग्विनचं चित्र होतं! मी खूश. पेंग्विन आहे म्हणजे झालंच की.

डब्यावरच्या कंपनीचं नाव सांगत नाही. सांगून तुम्हाला फायदाही नाही, का ते पुढे कळेल.

कार्ड लावलं, मशीन सुरू केलं, पिंग केलं. उत्तर आलं. एक मिलिसेकंदाच्या आत. मी तात्यांना "झालं" म्हटलं आणि चहा पिऊन घरी आलो. इथे पहिली चूक. पिंग चाललं म्हणजे कार्ड चांगलं, हे म्हणजे गाडीचा हॉर्न वाजला म्हणून इंजिन चांगलं असं झालं.

आठवडाभराने हिशेब बघणाऱ्या ताईंचा फोन. "दादा, परत गेलं बघा." मोठी फाइल कॉपी करायला घेतली की मधेच सगळं थिजायचं. मशीन बंद करून सुरू केलं की ठीक. मी घरून लॉगिन करून डीमेसेज बघितलं, तर तिथे वॉचडॉगची ओळ : ट्रान्समिट क्यू टाइम आउट. अर्थ असा, की कर्नलने कार्डाकडे पाठवायला पॅकेट दिली आणि कार्ड 'पाठवली' म्हणून सांगायलाच परत आलं नाही. कर्नलने वाट बघितली आणि शेवटी कार्ड रीसेट करायचा प्रयत्न केला. कधी ते उठायचं, कधी नाही.

मग मी दुसरी चूक केली. कार्डासोबत आलेल्या सीडीवर, आणि मग त्यांच्या साइटवर, कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर होता. सोर्स उतरवला, कंपाइल केला, कर्नलमधला मूळ ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट केला. थिजणं कमी झालं. मी परत खूश. मॉड्यूल त्या एकाच कर्नलसाठी कंपाइल झालेलं आहे, नवीन कर्नल आला की ते परत बनवावं लागेल, किंवा डीकेएमएस लावून आपोआप बनेल अशी सोय करावी लागेल, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण "बघू रविवारी" म्हणून राहिलं. आपल्या धंद्यातले निम्मे अपघात "बघू रविवारी" मधूनच होतात.

१० जुलै, बुधवार. बाहेर धो धो पाऊस. संध्याकाळी लाइट गेली, यूपीएसने जेवढा दम धरायचा तेवढा धरला आणि मशीन बंद पडलं. लाइट आल्यावर परत सुरू झालं, पण मधल्या काळात सिक्युरिटी अपडेटने गुपचूप नवीन कर्नल आणून ठेवला होता. मशीन त्यावर उठलं. माझं मॉड्यूल तिथे नाही, मूळ ड्रायव्हर मीच ब्लॅकलिस्ट केलेला. म्हणजे कर्नलच्या दृष्टीने त्या कॉम्प्युटरला लॅन कार्डच नाही.

आठ वाजता ताईंचा फोन : "दादा, सर्व्हर दिसंना झालाय. आन उद्या अकरा तारीख हाय."

ज्यांचा धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी : दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांची यादी, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरावी लागते. ती वेळेत गेली नाही तर आपली बिलं गिऱ्हाइकाच्या त्या महिन्याच्या जीएसटीआर-२बी मधे दिसत नाहीत. २०२२ पासून तिथे दिसल्याशिवाय त्याला क्रेडिट घेता येत नाही. मोठं गिऱ्हाईक मग सरळ पेमेंट थांबवतं. आणि आमच्याकडे त्या पेमेंटवर बावीस घरांचे पगार. लेट फी वगैरे किरकोळ गोष्ट हो. खरी भीती ही.

रेनकोट घालून निघालो. तावडे हॉटेलच्या पुढे पंचगंगेच्या पुलावर एवढा पाऊस की पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसत होता. पोचलो तेव्हा ताई जेवणाचा डबा तसाच बाजूला ठेवून बसलेल्या, तात्या खुर्चीत. पुढचा दीड तास मी काय केलं तर केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, स्विच बदलला. म्हणजे जे माझं नव्हतं त्या सगळ्यावर संशय घेतला. शेवटी मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून इंटरफेसची यादी बघितली तर फक्त लूपबॅक. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. रीबूट, ग्रबच्या मेनूत जुना कर्नल, एंटर. दोन मिनिटांत सगळी फोल्डरं दिसायला लागली. ताईंनी फाइल तयार केली, साडेअकराला मेलने सीएकडे गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी रिटर्न भरलं गेलं. वेळेत.

पण त्या रात्री मी आणखी एक गोष्ट बघितली आणि ती तात्यांना सांगायला मला दोन दिवस लागले. घरच्या मशीनवरचा शेवटचा पूर्ण बॅकअप ९ जूनचा होता. कार्ड थिजलं तेव्हा बॅकअपची स्क्रिप्ट मधेच अडकली होती, आणि 'आधीची स्क्रिप्ट अजून चालू आहे' असं समजून पुढची प्रत्येक स्क्रिप्ट निमूटपणे परत जात होती. महिनाभर! कार्डाऐवजी त्या रात्री डिस्क गेली असती तर महिन्याभराची सगळी बिलं, इन्स्पेक्शनचे रिपोर्ट, सगळं गेलं असतं. पुढचा विचार मी अजूनही करत नाही.

तात्या त्या रात्री एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ताईंना गाडीतून घरी सोडायला गेले.

तिसऱ्या दिवशी मी बॅकअपचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आत गेले आणि दोन बेअरिंगचे डबे घेऊन आले. टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"ह्यातलं नकली कुठलं, सांग."

मी दोन्ही डबे उलटेपालटे करून बघितले. रंग तोच, अक्षर तेच, होलोग्रामसुद्धा.

"सांगता येत नाही तात्या."

"मलाबी येत न्हाई. डब्यावरनं कुणालाच येत न्हाई," असं म्हणून त्यांनी बेअरिंग बाहेर काढली. एका रिंगवर ६२०५ हा नंबर स्वच्छ, बारीक, एकसारखा कोरलेला. दुसऱ्यावर तोच नंबर, पण फासल्यासारखा. "लेका, बेअरिंग घेताना तीन गोष्टी इचारायच्या. नंबर काय? केलंय कुणी, आन त्येचं ड्रॉइंग कुणाकडं हाय? आन ह्येच्या आधी कुठं चाललंय, किती दिस? तू तुझं ते कार्ड घेताना काय बघितलास?"

मी काय सांगणार, पेंग्विन? :(

तर मंडळी, लॅन कार्ड निवडायची माझी सगळी पद्धत आता या तीन प्रश्नांत मावते. एकेक घेऊ.

१. नंबर काय?

लॅन कार्ड विकणारी कंपनी आणि त्यावरची चिप बनवणारी कंपनी बहुतेक वेळा वेगळी असते. लिनक्सला डब्यावरच्या नावाशी काही देणंघेणं नाही, त्याला चिप कळते. याचं माझं आवडतं जुनं उदाहरण म्हणजे डी-लिंकची दोन कार्डं : डीएफई-५३०टीएक्स आणि डीएफई-५३०टीएक्स प्लस. नावात फरक एका अधिकच्या चिन्हाचा. पहिल्यावर व्हिया कंपनीची ऱ्हाइन चिप, दुसऱ्यावर रिअलटेकची ८१३९. दोन्हींचे ड्रायव्हर वेगळे, स्वभाव वेगळे. मित्राने सांगितलं म्हणून '५३०' आणायला गेलेला माणूस कुठलंही घेऊन येऊ शकत होता. आज हेच एकाच मॉडेलच्या 'व्ही-२', 'व्ही-३' अशा आवृत्त्यांमधे होतं. डबा तोच, आत चिप बदललेली. म्हणून मी वर नाव सांगितलं नाही. मला त्रास दिलेल्या डब्यात आज कदाचित दुसरीच चिप असेल.

नंबर कळायची सोपी युक्ती : 'एलएसपीसीआय' ही कमांड दोन एन लावून चालवायची. ती प्रत्येक कार्डाचे दोन आकडे दाखवते, एक चिपवाल्या कंपनीचा आणि एक चिपचा. इंटेलचा कंपनी नंबर आहे ८०८६. हो, तोच, त्यांच्या जुन्या प्रोसेसरचा! तीच कमांड 'के' लावून चालवली तर कुठला ड्रायव्हर ते कार्ड सांभाळतोय हेही सांगते. फ्रीबीएसडीत तर इंटरफेसचं नावच ड्रायव्हरवरून पडतं. 'आयजीबी-शून्य' दिसलं की इंटेल, 'आरई-शून्य' दिसलं की रिअलटेक. जन्मपत्रिका नावातच.

खरेदीच्या आधी चिपचा फोटो मागा. दुकानात गेलात तर डबा उघडून बघा. विकणारा उघडू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

२. केलंय कुणी आणि ड्रॉइंग कुणाकडे?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे 'महाग म्हणजे चांगलं' हा समज मोडतो.

रिअलटेकची ८१३९ चिप घ्या. २००० च्या आसपास भारतात असेंबल केलेल्या निम्म्या कॉम्प्युटरांत ती असावी असं वाटावं इतकी दिसायची. अभियांत्रिकीच्या दृष्टीने अगदीच गरीब. पॅकेट पाठवायला जेमतेम चार खाने. आलेली सगळी पॅकेट ती एकाच सलग बफरमधे टाकायची, तिथून ती उचलून दुसरीकडे कॉपी करायचं काम प्रोसेसरचं. फ्रीबीएसडीसाठी तिचा ड्रायव्हर लिहिणाऱ्या बिल पॉलने सोर्सच्या सुरुवातीलाच तिची अशी काही खिल्ली उडवली आहे की आजही लोक ती मुद्दाम शोधून वाचतात. तरीही ही चिप लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, सगळीकडे चालली. का? तिची कागदपत्रं, म्हणजे कुठल्या रजिस्टरमधे काय लिहिलं की काय होतं ही माहिती, लोकांच्या हाती होती. गरीब होती पण लपवाछपवी नव्हती. इतकी ओळखीची, की क्यूईएमयूसारख्या व्हर्च्युअल मशीनमधे आजही तिची नक्कल मिळते.

याउलट २००३ च्या सुमाराचे एनव्हिडियाच्या एनफोर्स चिपसेटचे मदरबोर्ड. बोर्ड भारी, पण त्यातल्या लॅनची कागदपत्रं कंपनीने दिली नव्हती. शेवटी लोकांनी चिपचं वागणं बघून, उलट बाजूने अंदाज बांधत ड्रायव्हर लिहिला. नावही ठेवलं 'फोर्सडेथ'. नंतर कंपनीच्या माणसांनीही त्यात भर घातली, पण सुरुवात अशी आंधळ्या कोशिंबिरीने झाली. आपण पैसे देऊन घेतलेल्या वस्तूसाठी!

लिनक्सला सुरुवातीची बरीच इथरनेट कार्डं कळायला लागली ती डोनाल्ड बेकर या माणसामुळे. नासाच्या गोडार्ड केंद्रात १९९४ साली त्याने आणि थॉमस स्टर्लिंगने सोळा साध्या ४८६ मशीन इथरनेटने जोडून 'बेओवुल्फ' नावाचा क्लस्टर केला. तेव्हाचं इथरनेट १० मेगाबिटचं, ते अपुरं पडायला लागल्यावर बेकरने दोन दोन कार्डं एकत्र चालवायची सोय लिहिली. बाजारातली स्वस्त कार्डं, पण ड्रायव्हर स्वतःच्या हातात.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण आपल्या पुण्यातलं. सी-डॅकने परम महासंगणक बनवले तेव्हा प्रोसेसर बाहेरून घेतले, पण नोड एकमेकांना जोडणारं नेटवर्क, परमनेट, स्वतः तयार केलं. 'परम पद्म'मधे परमनेट-२ होतं आणि ते मशीन जून २००३ च्या टॉप ५०० यादीत १७१ व्या नंबरावर आलं. तिथे लॅन कार्ड ही किरकोळ पट्टी नव्हती. शेकडो प्रोसेसर एकमेकांची वाट बघत बसले तर महासंगणक कसला, म्हणून मुद्दाम स्वतः केलेली गोष्ट होती ती.

आपण परमनेट बनवणार नाही आणि ड्रायव्हरही लिहिणार नाही. पण दोन्हींतला धडा तोच, तात्यांचाच : ज्या वस्तूचं ड्रॉइंग मोकळं आहे ती बिघडली तरी दुरुस्त होते. म्हणून माझा नियम : ज्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलच्या स्वतःच्या झाडात आहे, तेच घ्यायचं. तो ड्रायव्हर कर्नल बदलला की सोबत बदलतो, कोणीतरी त्याची देखभाल करत असतं. सीडीवरचा किंवा कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर म्हणजे दर अपडेटला आपल्या मानेवर टांगती तलवार. कधीकधी तोच जास्त चांगला चालतो हेही खरं. रिअलटेकच्या काही चिपसाठी लिनक्सवर आणि फ्रीबीएसडीवर लोक कंपनीचाच ड्रायव्हर वापरतात, फ्रीबीएसडीच्या पोर्ट्समधे तो मिळतोही. पण मग डीकेएमएस किंवा तत्सम सोय त्याच दिवशी करा, रविवारी नाही.

एक बारीक मुद्दा : काही चिपना ड्रायव्हरशिवाय फर्मवेअरची फाइलही लागते. पूर्वी डेबियन इन्स्टॉल करताना ती वेगळी आणावी लागायची आणि नेटवर्कच्या फर्मवेअरसाठी नेटवर्क हवं असा विनोद व्हायचा. जून २०२३ मधे आलेल्या डेबियन १२ पासून ती इन्स्टॉलरमधेच येते.

३. आधी कुठे चाललंय?

इथे तुम्ही म्हणाल, सरळ इंटेल घ्यावं, डोक्याला ताप नाही. बहुतेक वेळा मीही तेच सांगतो. पण नाव बघून डोळे मिटू नका, कारण इंटेलचाही इतिहास स्वच्छ नाही.

सप्टेंबर २००८ मधे लिनक्स २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्या चालवणाऱ्यांची इंटेलची कार्डं अचानक मरायला लागली. कार्डावरच्या कायमस्वरूपी मेमरीतला मजकूरच खराब व्हायचा. सगळ्यांनी बोट दाखवलं ई१०००ई ड्रायव्हरकडे. गुन्हेगार निघाला कर्नलचा वेगळाच भाग, एफट्रेस. तो जुन्या पत्त्यावर लिहायला जायचा आणि तोवर त्या पत्त्यावर कार्ड राहायला आलेलं असायचं! २०१३ च्या फेब्रुवारीत क्रिस्टियन कीलहोफनरने दाखवलं, की ८२५७४एल चिप असलेल्या काही मशीनमधे पॅकेटच्या ठराविक जागी ठराविक बाइट आला की कार्ड बंद पडतं, आणि मशीनची वीज काढल्याशिवाय उठत नाही. इंटेलने सांगितलं की हा एका मदरबोर्डवाल्याने मेमरीत चुकीची माहिती भरल्याचा दोष आहे. म्हणजे चिप चांगली, बसवणारा चुकला. आणि २०२० मधे अडीच गिगाबिटच्या आय-२२५ चिपमधे हार्डवेअरचाच दोष सापडला आणि इंटेलला सुधारित आवृत्ती काढावी लागली.

या तिन्ही गोष्टींत मला एक समान दिसतं : दोष नवीन मालात किंवा नवीन कर्नलमधे सापडला, आणि सापडला कारण हजारो लोक ते वापरत होते आणि बोलत होते. म्हणून सर्व्हरसाठी आलेलं सगळ्यात ताजं कार्ड कधीच घेऊ नका. चार-पाच वर्षं मळलेली वाट चांगली. फ्रीबीएसडीवाले प्रत्येक आवृत्तीसोबत हार्डवेअर नोट्स देतात, ओपनबीएसडीच्या मॅन पेजमधे कुठला ड्रायव्हर कुठल्या चिपला चालतो ते लिहिलेलं असतं. खरेदीच्या आधी दहा मिनिटं वाचा. आणि हो, इंटेलच्या नावाची नकली कार्डंही बाजारात मिळतात, विशेषतः चार पोर्टची. नवीन कार्ड जुन्याहून स्वस्त मिळत असेल तर तात्यांची दोन बेअरिंग आठवा.

घरी आणल्यावर काय?

पिंगवर समाधान मानू नका. दोन मशीन घ्या, आयपर्फ लावा, आधी एका दिशेने, मग दुसऱ्या दिशेने, मग दोन्हीकडून, आणि रात्रभर चालू द्या. सकाळी डीमेसेज बघा आणि 'इथटूल'ने कार्डाचे आकडे बघा. सीआरसीच्या चुका वाढलेल्या दिसल्या तर संशय आधी वायरीवर आणि क्रिंपिंगवर. ट्रान्समिट टाइम आउट दिसला तर कार्ड किंवा ड्रायव्हर. चालू असताना वायर काढा, लावा. स्विच बंद करून सुरू करा. मशीन दोन-तीनदा रीबूट करा, एकदा वीज पूर्ण काढून. आणि कर्नल अपडेट करूनही एकदा बघा. हे सगळं पहिल्या दिवशी केलं असतं तर ते साडेचारशेचं कार्ड मी दुसऱ्या दिवशी परत केलं असतं.

कायम चालणाऱ्या मशीनला यूएसबीचं लॅन लावू नका. अडीअडचणीला कपाटात एक असू द्या, त्या रात्री माझ्याकडे असतं तर दीड तास वाचला असता.

तात्यांकडे आता इंटेलचं आय-२१० चिपचं कार्ड आहे. आधीच्यापेक्षा चौपट महाग पडलं. ड्रायव्हर आयजीबी, कर्नलमधलाच. तसंच दुसरं एक सुटं कार्ड ड्रॉवरमधे. ऑफिस ते शेड वायर काढून फायबर टाकली, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. आणि बॅकअप झाला नाही तर मला आणि ताईंना दोघांनाही मेसेज येतो. म्हणजे "खर्च काही नाही" हे माझं वाक्य खोटं ठरलं. तात्यांनी बिल बघून एवढंच म्हटलं, "हां, आता पटतंय."

परवा शिरोलीला गेलो होतो. सर्व्हरवर मास्किंग टेपची एक पट्टी चिकटवलेली दिसली. मशीनवर बेअरिंग बदललं की तात्या तशी पट्टी लावतात, मार्करने नंबर आणि तारीख लिहून. हिच्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलंय : 'कार्ड आय २१०. बसवले १९ जुलै २४. दुसरे ड्रॉवरमध्ये.'

खाली थोडी जागा मोकळी सोडली आहे. पुढच्या तारखेसाठी.